चोवीस पेरं

लातूरच्या स्टँडातून नांदेडची गाडी हलली तेव्हा अंबिकाच्या मांडीवर पिशवी होती, उजव्या मुठीत समोरच्या सीटची दांडी होती आणि डोक्यात उद्याचा अकराचा कार्यक्रम होता. पिशवीत लेकीचा जरीकाठाचा परकर, तापाचं औषध, उलटीसाठी कॅरीबॅगा. ताप नव्हता, उलटीही कधी व्हायची नाही. पण जवळ असलेलं बरं. आठव्या महिन्यात जन्मलेलं, काचेच्या पेटीत ठेवलेलं ते लेकरू आता दुसरीत जात होतं, खिडकीशी पाय हलवत बसलं होतं, तरी अंबिकाच्या मनातली ती पेटी काही अजून उघडली नव्हती.

लेकीचं नाव शिवगंगा. घरी सगळे गंगूच म्हणत. आणि उद्या नांदेडात एका क्लासच्या नव्या शाखेच्या उद्घाटनाला ही सात वर्षांची गंगू स्टेजवर उभी राहून, लोक विचारतील ती संख्या मोडते की नाही, ते सांगणार होती. फ्लेक्स लागले होते. ‘गणितकन्या’ असं तिच्या फोटोखाली लिहिलं होतं. फोटोत तिचे पुढचे दोन पडलेले दात दिसत होते, ते सोमेशला बरं वाटलं नव्हतं. सोमेश म्हणजे गंगूचे पप्पा, डाळीचे व्यापारी.

हे सगळं सुरू झालं उदगीरच्या एका लग्नात. जेवणं झाली होती. अंबिकाचे सासरे मडिवाळप्पा पाहुण्यांत बसून विडा चघळत होते. त्यांचा एक नेम होता: कुठलीही शुभकार्यातली संख्या शून्यावर सोडायची नाही. आहेर असो, महादेवाला वाहायची बेलाची पानं असोत की लाडवांची ऑर्डर, वर एक पाहिजेच. “शून्य आलं की मोडलं,” ते पाहुण्यांना सांगत होते. “वर एक ठेवला, की कुणाच्या बापाला मोडता येत न्हाई. एक हजार एक! बगा मोडून.”

“मोडतो की अज्जा,” गंगू आजोबांना म्हणाली. ती आईच्या मांडीला टेकून लाडू खात होती. “सातानं मोडतो.”

कुणीतरी मोबाइल काढला. सात गुणिले एकशे त्रेचाळीस. बरोबर एक हजार एक. मग काय, पाहुण्यांना खेळच मिळाला. कुणी गाडीचा नंबर विचारला, कुणी घराचा. गंगू ‘एकोणीसनं मोडतो’ म्हणायची, ‘हट्टी आहे’ म्हणायची, आणि मोबाइल दर वेळी तिच्याच बाजूनं बोलायचा. व्हिडिओ निघाला, फिरला, आणि क्लासवाल्या सुदर्शन सरांपर्यंत जाऊन पोचला.

‘हट्टी’ हा शब्द अंबिकानंच दिलेला. ती गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, नांदेडलाच. स्वयंपाकघरात फरशीवर शेंगा मांडून ती लेकीला खेळवायची. बारा शेंगा सारख्या रांगांत बसतात, म्हणून बारा शहाणा. तेरा शेंगा कशाही मांडा, एक तरी शेंग बाहेर राहतेच, म्हणून तेरा हट्टी. पुस्तकात त्यांना मूळ संख्या म्हणतात, ते पुढं कळलं असतंच. पण शेंगांचा खेळ पन्नासाच्या पुढं कधी गेला नव्हता. मग एक हजार एक कुठून आलं? अंबिकाला हे कोडं त्या दिवसापासून टोचत होतं. बाकीचे ‘देवाची देणगी’ म्हणून मोकळे झाले होते. मडिवाळप्पांनी तर नातीच्या कपाळाला स्वतःच्या हातानं विभूती लावली होती. अंबिकाला मात्र देणगी म्हटलं की धास्ती वाटायची. न मागता आलेली गोष्ट न सांगता जायची, तर?

चाकूर मागं पडलं. एक ट्रक हॉर्न देत पुढं गेला. त्याच्या पाठीवरचा नंबर गंगूनं वाचला.

“मम्मी, पंधराशे सतरा.”

“हं. मग? हट्टी का शहाणा?”

गंगूनं ट्रककडं पुन्हा पाहिलंच नाही. ती आईच्या दांडीवरच्या मुठीकडं बघत होती.

“हात दे ना.”

“पडशील. धरून बसू दे मला.”

“दे ना गं!” तिनं आईची बोटं एकेक करून दांडीवरून सोडवली, तळवा उताणा करून आपल्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “आता कर.”

“काय कर?”

“तू करतेस ते.”

अंबिकाला कळेना. पण डोक्यात पंधराशे सतराचा भागाकार केव्हाच सुरू झाला होता, आणि डोकं चाललं की अंगठा चालायचा. त्याला ती काय करणार? अंगठ्याशेजारच्या बोटाच्या पहिल्या पेरावर तीन, दुसऱ्यावर सात, तिसऱ्यावर अकरा. मधल्या बोटावर तेरा, सतरा, एकोणीस. त्याच्या पुढच्या बोटावर तेवीस, एकोणतीस, एकतीस. अंगठा एकेका पेराला टेकत गेला आणि करंगळीच्या पहिल्या पेरावर थांबला.

“सदतिसानं मोडतो,” गंगू म्हणाली आणि निवांत खिडकीबाहेर बघायला लागली.

सदतीस गुणिले एक्केचाळीस. बरोबरच होतं. अंबिका स्वतःच्या अंगठ्याकडं बघत राहिली.

तिनं मुद्दाम एक पांढरी जीप हेरली. सतराशे त्रेपन्न. डोक्यात सगळे भागाकार उरकले. कशानंच भाग जात नव्हता. हट्टी होता. पण अंगठा मात्र तिनं चालवत नेला आणि मधल्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर मुद्दाम दाबून धरला.

“गंगू, सतराशे त्रेपन्न?”

“सतरानं मोडतो,” गंगू म्हणाली. एका क्षणाचाही उशीर नाही.

अंबिकाला वाटलं, गाडी थांबवावी आणि खाली उतरावं. उतरून काय करायचं ते सुचलं नाही, एवढंच.

“गंगू, तुला भागाकार येतो का गं?”

“शाळेत अजून न्हाई घेतला.”

“मग हे कुणी शिकवलं तुला?”

“कुणी न्हाई. इथं तीन, इथं सात, इथं अकरा...” तिनं आईच्या हातावर बोट टेकवत बाराही पेरं म्हणून दाखवली. “आणि त्या हातावर सत्तेचाळीस, त्रेपन्न, एकोणसाठ... असं एकशे एकपर्यंत. तू थांबली तिथं मोडतो. कुठंच न्हाई थांबली तर हट्टी.”

“अगं, मग हे मला सांगितलं का नाहीस?”

“काय?”

“की माझा हात बघून सांगतेस.”

गंगूला हा प्रश्नच समजला नाही. “तुला माहीत हाय ना,” ती म्हणाली. “तुझाच हात हाय की.”

अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा अंबिकानं सोमेशला फोन लावला. मागं कुणीतरी पोती मोजत होतं.

“अहो, ऐका ना. उद्याचं जरा... गंगूचं ते तसं नाहीये. ती स्वतः नाही सांगत.”

“मग कोण सांगतंय? अंगात येतंय का तिच्या?” तो हसला. “अंबिका, तुझं परत सुरू झालं का? मागं दात उशिरा आले तर तू औरंगाबाद गाठलं होतंस. बोलायला उशीर केला तर हैदराबाद. डॉक्टर काय म्हणले होते? लेकरू चांगलं हाय, आईला समजवा.”

“तसं नाही हो...”

“अप्पांनी अर्ध्या मार्केट यार्डाला सांगून ठेवलंय. दोन गाड्या निघणार हायेत इथून सकाळी. तू फक्त तिला नीट खाऊ घाल. आणि तो परकर घाल, फ्रॉक नको.”

फोन बंद झाला. इतकी वर्षं लांडगा नसताना आपणच ओरडलो, आता कोण ऐकणार, असं तिला वाटलं. मग तिनं सुदर्शन सरांना फोन केला आणि जे बोलायचं होतं ते सोडून भलतंच बोलली: “सर, एक विनंती होती. चार अंकांच्या पुढं नको. लहान आहे.”

“मॅडम, चारच अंकी! लेकराला छळायला बोलावलंय का आपण?”

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली, कारण ही विनंती गंगूसाठी नव्हती, स्वतःच्या बोटांसाठी होती. दोन हातांच्या चोवीस पेरांवर एकशे एकपर्यंतचे सगळे हट्टी आकडे मावतात. दोन आणि पाच सोडून, त्यांना पेर कशाला, ते शेवटच्या अंकावरूनच दिसतात. तेवढ्यात दहा हजारांच्या आतली कुठलीही संख्या निकालात निघते. म्हणजे चार अंकांपर्यंत तिचे हात पुरत होते. ती उद्याच्या लबाडीची तयारीच करत होती. फक्त उद्याच्या दिवस, तिनं स्वतःला बजावलं. परवा सगळं बंद.

नांदेडात तिच्या आईचं, शांतम्मांचं घर चौफाळा भागात होतं. दिवेलागणीला पायरीवर बसून अंबिका गंगूची वेणी घालत होती आणि शांतम्मा शेजारी ज्वारी निवडत होत्या.

“तुझा अंगठा बघ,” शांतम्मा म्हणाल्या.

अंबिकानं पाहिलं. रिबीन धरलेल्या हाताचा अंगठा चालला होता.

“तुझ्या वडलांचा असाच चालायचा. पेरांवर शिवाचं नाव घ्यायचे. दुकानात बसले तरी, जेवता जेवता तरी. पण ते नाव घ्यायचे गं माय. तू काय घेतीस?”

काय घेते? अंबिकाला आठवलं. दवाखान्याच्या त्या बाकड्यावर, काचेच्या दाराबाहेर, हातात नंबराची चिठ्ठी होती. आत लेकरू श्वास घ्यायचं विसरत होतं आणि बाहेर ती चिठ्ठीवरचा नंबर भागत बसली होती. तीननं जात नाही. सातानं जात नाही. अकरानं जात नाही. भाग जात नाही तोवर लेकरू जात नाही, असं काहीतरी तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. बी.एस्सी. झालेली बाई. कुणाला सांगायची सोय नव्हती. तेव्हापासून जीव घाबरला की समोर दिसेल तो आकडा ती पेरांवर मोडायला घ्यायची.

“गंगू,” तिनं वेणीला शेवटचा पेड घालत विचारलं, “तू माझ्या हाताकडं कधीपासून बघतेस?”

“पहिल्यापासून.”

“पण लोकांना उत्तर कशाला सांगायचं?”

“लोकांना न्हाई काही. तुला.” गंगूनं मान वळवली, पेड सुटला. “तू भीतेस ना, तेव्हा ते करतेस. मी उत्तर सांगितलं की तुझा अंगठा थांबतो.”

शांतम्मांचा ज्वारीतला हात तसाच राहिला. अंबिकानं सुटलेला पेड पुन्हा हातात घेतला, पण तो तिला बराच वेळ नीट घालता आला नाही.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला होता. मुलं, आयांचे घोळके, मोबाइल वर धरलेले बाप. लातूरच्या दोन गाड्या आल्या होत्या. मडिवाळप्पा धुवट पांढरं धोतर नेसून, मोठा हार हातात घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. हार नातीला घालायचा होता, पण कार्यक्रम संपल्यावर. सोमेश फोटोवाल्याला जागा दाखवत होता. पाहुणे म्हणून भागवत सर नावाचे गणिताचे निवृत्त प्राध्यापक आले होते. ते स्टेजवरच्या खुर्चीत चहा पीत, सगळ्यांत कमी उत्साहानं बसले होते.

“मॅडम, वर या. आईसाठी खुर्ची ठेवलीये,” सुदर्शन सर म्हणाले.

“नको सर, मी समोरच बरी आहे.”

समोर म्हणजे अगदी समोर, मधोमध. तिनं हात मांडीवर उताणे ठेवले. स्टेजवर गंगू परकर सावरत उभी होती. तिच्या उंचीला माइक खाली करताना मोठा कर्कश आवाज झाला, लोक हसले, गंगूही हसली, आणि तिची नजर आईच्या हातांवर येऊन बसली.

“एकोणीसशे नव्याण्णव!” कुणीतरी ओरडलं.

अंगठा बाराही पेरांवरून फिरला. कुठंच थांबला नाही.

“हट्टी!”

मोबाइलांवर बोटं चालली. टाळ्या.

“दोन हजार एकवीस!”

करंगळीचं शेवटचं पेर. “त्रेचाळीसनं मोडतो.”

टाळ्या. मग एकदम फोटोवाला मधे आला. त्याची पाठ भिंतीसारखी उभी राहिली आणि कुणीतरी सात हजार तीनशे सत्त्याऐंशी विचारला. अंबिकाला गंगू दिसेना. गंगूला ती दिसत नव्हती. स्टेजवर शांतता पसरली. लोकांना वाटलं, पोरगी विचार करतेय. अंबिका खुर्चीतून अर्धी उठली, डावीकडं वाकली, डावा हात पदराबाहेर काढून उंच धरला, जणू कुणाला हाक मारतेय. करंगळीशेजारच्या बोटाचं तिसरं पेर.

“त्र्याऐंशीनं मोडतो!”

मांडव दणाणला. अंबिकाच्या ब्लाउजची पाठ घामानं भिजली होती. आता बास, ती मनात म्हणत होती. सर, आता हार घाला, आता नारळ द्या, आता बास.

मडिवाळप्पांना राहवलं नाही. ते हारासकट उठले. “आमच्याकडनं एक! एक लाख एक!” ते गरजले. “वर एक ठेवलाय. मोड बगू अज्जाचा आकडा!”

सहा अंकी. पण अंबिकाचा अंगठा तिसऱ्याच पेरावर थांबला. नशीब.

“अकरानं मोडतो, अज्जा.”

लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मडिवाळप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपला आकडा मोडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस कुणी पाहिला नसेल. त्या गोंधळात भागवत सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माइक मागितला.

“आजोबांनी एक वाढवला. मी त्यात अजून दोन वाढवतो,” ते सावकाश म्हणाले. “एक लाख तीन.”

“सर, आपलं चारच अंकी...” सुदर्शन सर कुजबुजले.

“आत्ता सहा अंकीला टाळ्या वाजवल्यात की.”

अंबिकाचा अंगठा निघाला. तीन, नाही. सात, नाही, पण एकच जास्त. एक लाख दोनला गेला असता. अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, नाही. तेवीस, नाही, एकच कमी पडला. एक्केचाळीस, बाकी चार. उजवा हात संपला. डावा हात. सत्तेचाळीस, त्रेपन्न... अंगठा एकेका पेराला टेकत होता आणि वरून दोन डोळे त्याच्या मागोमाग चालत होते. एकोणनव्वद. सत्त्याण्णव. एकशे एक, बाकी तेरा.

हात संपले.

एक लाख तीनसाठी तीनशेच्याही पुढं जावं लागलं असतं. अजून कितीतरी हट्टी आकडे राहिले होते आणि त्यांना बसायला तिच्याकडं पेरं नव्हती. आता मूठ मिटली की गंगू ‘हट्टी’ म्हणणार. बरोबर यायचीही शक्यता होती. सरांच्या चेहऱ्यावरून तर तेच वाटत होतं. मूठ मिटायची, टाळ्या होतील, हार पडेल, गाड्या लातूरला जातील. कुणाला काही कळणार नाही.

गंगूनं हातांवरून नजर उचलली आणि आईच्या तोंडाकडं पाहिलं. आणि अंबिकाला दिसलं, माइक धरलेल्या त्या एवढ्याशा हाताचा अंगठा चालत होता. भागाकार न येणाऱ्या पोरीचा अंगठा, रिकामाच, पेरावरून पेरावर, पेरावरून पेरावर.

अंबिका उठून उभी राहिली.

“सर, थांबा. तिला माहीत नाही.” आवाज फाटला. “मलाही माहीत नाही. ती माझ्या हाताकडं बघून सांगते. पेरांवर मी भागते, ती बघते. आधीची सगळी उत्तरं माझी होती. तिनं खोटं काही केलेलं नाही. तिला वाटतं, हे असंच असतं.”

मांडवात एकेक मान तिच्याकडं वळली. मग मागून एक शिट्टी आली. “अरे, मम्मीचा क्लास लावा!” कुणीतरी ओरडलं आणि हशा उसळला. सुदर्शन सरांनी घाईघाईनं माइक घेतला, छोट्या पाहुणीसाठी टाळ्या मागितल्या, त्या अर्ध्याच मिळाल्या, आणि पुढचा नाच पुकारला. सोमेश खुर्ची मागं ढकलून मांडवाबाहेर निघून गेला. मडिवाळप्पा हार धरून तसेच बसून राहिले.

मांडवामागं लिंबाखाली जास्तीच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या रचल्या होत्या. अंबिकानं गंगूला तिथं नेलं, खाली बसून तिचे डोळे पुसायला पदर पुढं केला. पण गंगू रडत नव्हती. ती चिडली होती.

“तू मधीच का उठलीस?”

“हात संपले गंगू.”

“मग तो हट्टी का शहाणा?”

“अजून माहीत नाही.”

“मग माहीत कर ना!”

“कुठवर आला होतात?” मागून आवाज आला. भागवत सर एक खुर्ची ओढत येत होते.

“एकशे एकपर्यंत,” अंबिका म्हणाली. मान वर करायचं तिला धाडस झालं नाही. “सर, मला माफ...”

“ते राहू द्या. तीनशे तेरापर्यंत जायचंय.” ते गंगूसमोर बसले. “कसं आहे बाळा, एक लाख तीनचे सारखे ढीग पडत असले, तर ढिगांचा आकडा नाहीतर ढिगातल्या दाण्यांचा आकडा, दोघांपैकी एक तरी तीनशे सोळाच्या आत येतोच. दोन्ही मोठे झाले तर गुणाकार एक लाख तीनच्या पुढं जातो. म्हणून तिथवरचे हट्टी आकडे बघितले की झालं, त्यातला शेवटचा तीनशे तेरा. पेरं कमी पडतात ना? हे घे.” आणि त्यांनी दोन्ही तळवे तिच्यापुढं उताणे धरले.

गंगूनं एकदा आईकडं पाहिलं. मग सरांच्या उजव्या हाताच्या पहिल्या पेरावर बोट ठेवलं. “इथं कुठला?”

“एकशे तीन,” अंबिका म्हणाली. डोळे मिटून भागलं. “बाकी त्र्याण्णव. नाही जात.”

“इथं?”

“एकशे सात. बाकी पासष्ट.”

सरांचा उजवा हात एकशे त्रेसष्टपाशी संपला, डावा दोनशे एकोणतीसपाशी. कुठंच थांबावं लागलं नाही. अंबिका मधे दोनदा चुकली, सरांनी ‘पुन्हा करा’ एवढंच म्हटलं. मांडवातून ढोलकीचा ठेका येत होता. तेवढ्यात धोतराचा सोगा धरून मडिवाळप्पा येऊन उभे राहिले.

“सूनबाई, चारचौघांत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई तुम्ही,” ते म्हणाले. “यार्डातली माणसं काय म्हणतील? मडिवाळप्पानं नातीचं दुकान मांडलं?”

अंबिकानं एक खुर्ची त्यांच्याकडं सरकवली. ते बसले नाहीत.

“आन् माझा लाख एक? ते तरी खरं, का तेबी...”

“खरं अज्जा,” गंगू म्हणाली. “अकरानं मोडतो. मम्मीचं चुकत न्हाई. तुमचा हात द्या.”

“माझा हात? कशाला?”

“सरांचे संपले.”

म्हातारा क्षणभर घुटमळला. मग हार खुर्चीच्या पाठीवर अडकवला, खाली बसला आणि पोत्यांच्या सुतळीनं घट्टे पडलेला तळवा पुढं केला. दोनशे तेहेतीस. दोनशे एकोणचाळीस. आकडे मोठे झाले होते, अंबिकाला वेळ लागत होता. दोनशे एकाहत्तरला बाकी फक्त चार उरली, तेव्हा मडिवाळप्पांनी श्वास रोखला. “गेला का?” “नाही अप्पा.” दोनशे सत्त्याहत्तरला बाकी सहा. “आता?” “नाही.” दोनशे त्र्याण्णवला त्यांचा हात संपला.

“किती राहिले?” गंगूनं विचारलं.

“तीन,” सर म्हणाले. “एक बोट पुरे.”

मडिवाळप्पा दुसरा हात पुढं करणार होते. पण गंगू दुसरीकडंच बघत होती. मांडवाच्या कनातीशी सोमेश गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत उभा होता. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. तोंड अजून उतरलेलंच होतं.

“पप्पा, एक बोट द्या.”

“गाडीत बसा आता. लोकांनी लई बघितलं आपल्याला.”

“एकच बोट!”

सोमेश जागचा हलला नाही. अंबिकाला वाटलं, आता हा ओरडणार, आणि उजव्या हाताचा अंगठा आपसूक पहिल्या पेराकडं गेला. गंगूनं ते पाहिलं. अंबिकानंही पाहिलं. तिनं तो हात उचलून लेकीच्या खांद्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

सोमेश आला. किल्ली खिशात टाकली आणि कुणाकडं न बघता बोट पुढं केलं.

“तीनशे सात,” अंबिका म्हणाली. “बाकी दोनशे अठ्ठावीस.” पेर सरकलं. “तीनशे अकरा. बाकी... एकशे बहात्तर.” शेवटचं पेर. तिनं डोळे मिटले, पहिल्यांदा गुणाकार चुकला, पुन्हा केला. “तीनशे तेरा. बाकी एकशे छप्पन्न. नाही जात.”

“म्हणजे?” सोमेशनं विचारलं.

“हट्टी,” गंगू म्हणाली. या वेळी ती कुणाच्याच हाताकडं बघत नव्हती.

भागवत सरांनी मान हलवली. मडिवाळप्पा बोटांवर काहीतरी जुळवत होते. “म्हणजे वर एक न्हाई, तीन ठेवायला पाहिजे,” ते स्वतःशीच पुटपुटले.

सोमेशनं अंबिकाकडं पाहिलं. मग म्हणाला, “म्हणजे मघाशी तू गप्प बसली असतीस, आन् ही नुसतं हट्टी म्हणली असती, तर बरोबरच आलं असतं?”

“हो,” अंबिका म्हणाली.

त्यानं एकदा मांडवाकडं पाहिलं. पण शेवटच्या पेरावर लेकीनं टेकवलेलं बोट तसंच होतं, आणि तिनं सोडेपर्यंत त्यानं आपलं बोट मागं घेतलं नाही.